मनाची राखण
कर्जत-खोपोलीहून मुंबईला कामाला जाणारी आमची पोरे रोज येऊन-जाऊन चार तास लोकलमध्ये काढतात. त्या चार तासांचे काय होते? रिल्स, अचकट-विचकट विनोद, कुणा नट-नटीची लफडी, पत्त्यांचा डाव. खिसा मारला गेला तर आम्ही पोलीस चौकी गाठतो. मन रोज लुटले जाते, त्याची फिर्याद कोणी देत नाही.

हीच लोकल परळवरून जाते. परळच्या चाळीत एका खोलीत सुभेदार रामजींचे कुटुंब राहत होते. स्वयंपाक, झोपणे, अभ्यास सारे तिथेच. उशाशी जाते, पायाशी शेळी. रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागत आणि मग भीमरावांना अभ्यासाला उठवीत. त्या खोलीतून भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. निवांत जागा मिळाली म्हणून अभ्यास झाला, असे नव्हे.

१९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. सुरुवातीचे दिवस खेळात आणि मित्रमंडळीत गेले. हे सांगायला आमच्यातले काही जण बिचकतात. आम्हाला मात्र हाच भाग मोलाचा वाटतो. एका रात्री घरच्यांचे हाल आणि आपले कर्तव्य त्यांच्यापुढे उभे राहिले आणि त्यांनी मनाला आवर घातला. मग दिवसाचे अठरा-अठरा तास वाचन! पोटाला चिमटा काढून त्यांनी जुनी पुस्तके घेतली. १९१५ साली कोलंबियाची एम.ए. पदवी मिळवली. १९१७ साली परतताना सामानाचे जहाज बुडाले, त्यात पुस्तकेही गेली. वाचनाची सवय मात्र गेली नाही. १९२० साली पुन्हा लंडन गाठले. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत ते अर्धपोटी तिथे बसत. १९२३ साली डी.एस्सी. झाले. पुढे दादरला राजगृह बांधले, ते ग्रंथांसाठी.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मन शुद्धीवर राहिले तरच माणूस स्वतःचा मालक राहतो. ५ डिसेंबरच्या रात्रीही ते बुद्धाच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेवर काम करीत होते. दुसऱ्या दिवशी परिनिर्वाण झाले.

भरकटलेले मन परत आणता येते, हे बाबासाहेबांनी स्वतः करून दाखवले. म्हणून कर्जत-खालापूरच्या तरुणांना आमचे सांगणे एवढेच : १४ एप्रिलला डीजे लावण्याआधी लोकलच्या पिशवीत एक पुस्तक ठेवा. जाताना अर्धा तास ते उघडा, मोबाईल तेवढा वेळ खिशात राहू द्या.

जयभीम!