वेगाला लगाम घालणारे फ्रेड ड्यूसेनबर्ग

मोटार शर्यतींचा इतिहास बहुधा इंजिनांच्या शक्तीवरून सांगितला जातो. भरधाव मोटार वळणाच्या तोंडाशी किती उशिरा आणि किती सरळ रेषेत आवरता येते, यावरही शर्यतीचा निकाल ठरतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात राहते. जर्मनीत जन्मलेले आणि अमेरिकेत नावारूपाला आलेले अभियंते फ्रेड ड्यूसेनबर्ग यांनी ही गोष्ट वेळीच ओळखली. ब्रेकच्या नळ्यांत कोणता द्रव भरावा, हा वरकरणी क्षुल्लक वाटणारा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठ्या विजयाशी जोडलेला आहे.

फ्रेड यांचा जन्म ६ डिसेंबर १८७६ रोजी जर्मनीतील लिप्पे प्रांतात झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि १८८५ मध्ये हे कुटुंब अमेरिकेतील आयोवा राज्यात येऊन स्थायिक झाले. अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण फ्रेड यांना कधीच मिळाले नाही. शेतीची यंत्रे दुरुस्त करणे, सायकली बनविणे आणि त्याच सायकलींवर शर्यतीत उतरणे, हीच त्यांची पाठशाळा होती. धाकटे बंधू ऑगस्ट आयुष्यभर त्यांच्या सोबतीला राहिले. १९१३ मध्ये दोघांनी मिनेसोटातील सेंट पॉल येथे स्वतःची कंपनी स्थापन केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू जर्सीतील कारखान्यात त्यांनी विमानांची इंजिने बनविली. युद्ध संपल्यावर त्यांनी इंडियानापोलिस हे कार्यक्षेत्र निवडले.

एप्रिल १९२० मध्ये डेटोनाच्या समुद्रकिनाऱ्यावर टॉमी मिल्टन यांनी ड्यूसेनबर्ग बंधूंची दोन इंजिनांची मोटार ताशी १५६ मैल वेगाने पळविली. वेग हाती आला होता. त्याला आवर घालण्याचे साधन मात्र अपुरे होते. त्या काळचे ब्रेक दांड्या आणि तारा यांच्या आधारे चालत. प्रत्येक चाकावरचा ताण सारखा राखणे अवघड जाई. एका चाकाचा ब्रेक आधी लागला की मोटार त्या बाजूला ओढली जाई. पुढची चाके वळतही असल्याने तेथे दांड्यांची जुळणी अधिकच किचकट होती.

द्रवाच्या अंगी एक गुण असतो. बंदिस्त नळीत त्याच्यावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. याच तत्त्वावर आधारलेल्या ब्रेकचे पेटंट १९१७ मध्ये माल्कम लॉकहीड यांना मिळाले होते. फ्रेड यांनी हे तत्त्व शर्यतीच्या मैदानात उतरविले.

मग द्रव कोणता, हा प्रश्न आला. पाणी स्वस्त आणि दाबले न जाणारे. पण ते थंडीत गोठते, लोखंडाला गंज चढविते आणि १०० अंश सेल्सिअसला उकळते. ब्रेक तापून नळीत वाफ धरली की पायाचा दाब त्या वाफेतच जिरून जातो आणि पेडल पोकळपणे खाली जाते. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते. ड्यूसेनबर्ग यांच्या मोटारीत पाणी आणि ग्लिसरीन यांचे मिश्रण वापरले गेले. ग्लिसरीनमुळे मिश्रण सहजी गोठत नसे आणि आतल्या भागांना थोडे वंगणही मिळे. उकळण्याचा धोका पुरता टळला नव्हता, तरीही उपलब्ध द्रवांत ही निवड शहाणपणाची होती.

तिची कसोटी जुलै १९२१ मध्ये फ्रान्समधील ल माँ येथे लागली. फ्रेंच ग्रां प्रीचे अंतर सुमारे ५१८ किलोमीटर होते. सरावातील अपघातात चालक जिमी मर्फी जखमी झाले होते. छातीला पट्ट्या आवळून ते शर्यतीला बसले. रस्ता उखडला, दगड उडू लागले, शेवटी रेडिएटरही फुटला. तरीही मर्फी यांनी बॅलो मोटारीतील राल्फ डीपाल्मा यांना मागे टाकून विजय मिळविला. हायड्रॉलिक ब्रेक असलेल्या मोटारीचा ग्रां प्रीतील हा पहिला विजय होता. अमेरिकी चालकाने अमेरिकी मोटारीतून पुन्हा ग्रां प्री जिंकायला १९६७ साल उजाडावे लागले.

हेच ब्रेक फ्रेड यांनी 'मॉडेल ए' या प्रवासी मोटारीच्या चारही चाकांना बसविले. मोटार उत्तम होती, पण व्यवहार फसला आणि १९२४ मध्ये कंपनी डबघाईला आली. त्याच वर्षी, पुढे १९२५ आणि १९२७ मध्येही त्यांच्या मोटारींनी इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकली, हा दैवाचा विचित्र न्याय म्हणावा लागेल. १९२६ मध्ये उद्योगपती ई. एल. कॉर्ड यांनी कंपनी विकत घेतली. फ्रेड यांच्या हातून १९२८ मध्ये २६५ अश्वशक्तीची 'मॉडेल जे' साकारली. १९३२ मध्ये तिचा सुपरचार्जरयुक्त अवतार आला.

२ जुलै १९३२ रोजी पेनसिल्व्हेनियातील डोंगरी रस्त्यावर ओल्या सडकेवरून फ्रेड यांची मोटार घसरली. दुखापतीतून ते सावरत असतानाच न्यूमोनियाने गाठले आणि २६ जुलै रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ब्रेक चाकाला थांबवितो, मोटारीला मात्र रस्ताच थांबवितो. या सत्यापुढे त्यांचीही विद्या अपुरी पडली. १९३७ मध्ये कंपनीही बंद झाली.

त्यांच्या निर्मितीचा एक धागा इंदूरपर्यंत येतो. महाराजा यशवंतराव होळकर द्वितीय यांनी सुपरचार्जर असलेली ड्यूसेनबर्ग मागविली आणि तिचा सांगाडा लंडनच्या गर्नी नटिंग या कंपनीने मढविला. जगातील नामांकित ड्यूसेनबर्ग मोटारींत ती आजही गणली जाते.

अशा जुन्या मोटारी चालत्या ठेवणाऱ्यांपुढे फ्रेड यांचाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. गॅरेजमध्ये ज्याला सरसकट ब्रेक ऑइल म्हणतात, ते बहुधा तेल नसून ग्लायकॉलवर आधारलेला द्रव असतो. कोरड्या अवस्थेत डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत, तर डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. हे द्रव हवेतील ओलावा शोषतात. मग डॉट ४ ची ही मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. शिवाय ते सांडले तर रंग उखडतो. सिलिकॉनचा डॉट ५ ओलावा शोषत नाही आणि रंगालाही अपाय करीत नाही, म्हणून क्वचित बाहेर निघणाऱ्या मोटारीला तो सोयीचा ठरतो. पण त्याने पेडल मऊ लागते आणि ग्लायकॉलशी तो मिसळता येत नाही. म्हणून मोटार खरोखर शर्यतीत उतरवायची असेल, तर डॉट ४ भरावा, तो वरचेवर बदलावा आणि जुने रबर त्याला मानवेल असे बदलून घ्यावे. इंजिनाइतकेच लक्ष ब्रेकच्या नळीतील त्या चिमूटभर द्रवाकडे देणे, हा फ्रेड ड्यूसेनबर्ग यांनी शतकापूर्वी घालून दिलेला धडा आहे.