वतनाचा विसार : पंडिता रमाबाई

उज्जैनच्या टावर चौकात दुकाने पुष्कळ. एखादी वस्तू ठरली की दुकानदाराच्या हाती आपण थोडे पैसे देऊन ठेवतो. इकडे त्याला बयाना म्हणतात; आपल्या मराठीत तो विसार. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल आध्यात्मिक आशीर्वाद एकामागून एक सांगतो आणि शेवटी हाच बाजारातला शब्द योजून पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा विसार म्हणतो. संडे स्कूलमध्ये हा भाग शिकवताना मुले हमखास विचारतात, वतन पुढे मिळायचे, तर आज हाती काय? अशा वेळी मी पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगतो.

क्षिप्रेच्या स्नानाला येणारी यात्रेकरू कुटुंबे आम्ही नेहमीच पाहतो. रमाबाई अशाच भटकंतीत वाढल्या. जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थाहून तीर्थाला जात, पुराण सांगत. आई लक्ष्मीबाईंनी मुलीला संस्कृत शिकवले. पुढे दुष्काळ आला. १८७४ साली वडील गेले आणि काही महिन्यांतच आई व बहीणही गेली. उरलेली दोघे भावंडे पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथे तिला पंडिता ही पदवी मिळाली. पण १८८० साली भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, आणि १८८२ मध्ये पटकीने तेही गेले. पंचविशीच्या आत माणसे म्हणून उरली ती मांडीवरची मनोरमा.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. आपण शिक्षक बहुधा इथेच गोष्ट संपवतो. रमाबाईंनी स्वतः ती इथे संपवली नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहून ठेवले. मुंबईत १८८९ साली शारदा सदन सुरू झाले, नाव झाले, तरी अंतःकरणावरचे ओझे तसेच होते. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, विल्यम हॅसलम या इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र वाचून व पवित्र शास्त्र शोधून त्यांना उमगले की तारण कमवायचे नसते, ते आजच फुकट घ्यायचे असते. त्यांचा विसार तो हा. (इतकी विद्वान बाई, आणि आठ वर्षे! आपल्या बाप्तिस्म्याच्या वर्गांत मग किती घाई होते.)

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको होते. तेथून आणलेल्या शेकडो मुलींना केडगावी आसरा मिळाला, तेच मुक्ती. १९०५ साली तेथे झालेले संजीवन सर्वांना ठाऊकच आहे.

खरी कसोटी अखेरीस लागली. मनोरमाबाई आईचा उजवा हात. गुलबर्ग्याची शाळा त्यांनी सांभाळली, मुक्तीतील अंध स्त्रियांना ब्रेल शिकवली. आईमागे सारा कारभार त्यांच्याकडेच जाणार होता. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्या प्रभूकडे गेल्या. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या. कानांनी ऐकू येईना, शरीर थकलेले. उघड्या थडग्यापाशी पुनरुत्थानाच्या आशेविषयी बोलताना माझा आवाज अनेकदा कापला आहे. तेव्हा ही आई रडलीच नसेल असे मी मुलांना सांगत नाही.

मात्र मेजावरचे काम त्यांनी उचलून ठेवले नाही. खेड्यातल्या बाईला समजेल अशा सोप्या मराठीत सबंध पवित्र शास्त्राचे भाषांतर त्या करीत होत्या. त्यासाठी उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या होत्या. खिळे जुळवणाऱ्या मुक्तीतल्याच मुली. लेक गेल्यानंतरचे महिने त्या प्रुफे तपासत राहिल्या. ती पुरी झाली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांनी देह ठेवला. छापील ग्रंथ बाहेर पडला तो १९२४ साली, मुक्तीच्याच छापखान्यातून.