धूमकेतूंच्या मागे लागलेला कारकून

छोटी दुर्बीण घेऊ पाहणाऱ्या हौशी आकाशनिरीक्षकाच्या कानावर एक नाव हमखास पडते. ग्रहांपलीकडच्या, दूर अंतराळातील अंधुक वस्तू एखाद्या दुर्बिणीतून कितपत दिसतील, याचे मोजमाप मेसिएच्या यादीने केले जाते. देवयानी दीर्घिका म्हणजे एम-३१, शौरी तारकासमूहातला तारकागुच्छ म्हणजे एम-१३, मृग नक्षत्रातला तेजोमेघ म्हणजे एम-४२. यातला एम हा चार्ल्स मेसिए याच्या आडनावाचा. गंमत अशी, की या वस्तूंसाठी तो आकाश धुंडाळत नव्हताच. त्याला हवे होते धूमकेतू, आणि धूमकेतू समजून आपली फसगत होऊ नये म्हणून त्याने ही यादी केली.

फ्रान्सच्या पूर्वेकडील लॉरेन प्रांतातील बादोंविलेर या गावी २६ जून १७३० रोजी त्याचा जन्म झाला. बारा भावंडांतला हा दहावा. अकराव्या वर्षी वडील गेले. १७४४ मध्ये सहा शेपट्यांचा धूमकेतू युरोपच्या आकाशात अवतरला आणि चार वर्षांनी त्याच्या गावातूनच कंकणाकृती सूर्यग्रहण दिसले. मुलाला आकाशाचे वेड लागले. पण गणिताचे पद्धतशीर शिक्षण त्याच्या वाट्याला आले नाही. ही उणीव त्याला आयुष्यभर पुरली.

१७५१ मध्ये तो पॅरिसला आला तो सुवाच्य हस्ताक्षराच्या बळावर. फ्रेंच नौदलाचे खगोलशास्त्रज्ञ जोसेफ निकोलास दलील यांना नोंदी लिहिण्यासाठी आणि नकाशे काढण्यासाठी कारकून हवा होता. क्लूनी वाड्याच्या मनोऱ्यावर लाकडी बांधणीची छोटी वेधशाळा होती. तेथे वेध घेण्याचे तंत्र तो शिकला आणि ६ मे १७५३ रोजी त्याने बुधाच्या अधिक्रमणाची नोंद केली.

त्यानंतर आला हॅलेचा धूमकेतू. तो १७५८च्या सुमारास परतणार, हे भाकीत साऱ्या युरोपला ठाऊक होते. दलील यांनी त्याचा संभाव्य मार्ग आखून दिला आणि मेसिए रात्रीमागून रात्र त्या नकाशाप्रमाणे आकाश चाळत राहिला. नकाशाच चुकलेला होता. शोधमोहीम चालू असताना १७५८च्या ऑगस्टअखेरीस वृषभ राशीत त्याला एक पांढुरका ठिपका दिसला. धूमकेतूसारखाच, पण जागचा न हलणारा! हाच पुढे एम-१ झाला. १०५४ मध्ये स्फोट झालेल्या ताऱ्याचा हा अवशेष आहे, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. हॅलेचा धूमकेतू त्याला अखेर २१ जानेवारी १७५९ रोजी सापडला. पण दलील यांनी ही बातमी एप्रिलपर्यंत दडवून ठेवली. तोवर ड्रेस्डेनजवळच्या पालिच नावाच्या शेतकऱ्याने तो आधीच्या नाताळातच पाहिल्याचे वृत्त येऊन धडकले. मेसिएच्या निरीक्षणावर त्याच्याच देशबांधवांनी शंका घेतली. वरिष्ठांच्या हट्टापायी हाताखालच्याचे श्रेय बुडावे, हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही.

पुढे वेधशाळेचा भार त्याच्यावरच आला आणि धूमकेतू एकापाठोपाठ एक सापडू लागले. तो स्वतः वीस मोजत असे. आजच्या निकषाने त्यातले तेरा अस्सल त्याचे. पंधराव्या लुईने त्याला धूमकेतूंचा शिकारी अशा अर्थाचे टोपणनाव दिल्याचे सांगतात. १७६४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतले, तर पॅरिसच्या अकादमीचे दार १७७० मध्ये उघडले. त्याच वर्षी लग्न झाले. १७७२च्या मार्चमध्ये मुलगा जन्मला आणि थोड्याच दिवसांत आई व बाळ दोघेही दगावले.

यादी मात्र वाढत होती. १७७४ मध्ये ४५ वस्तूंची पहिली यादी छापली गेली. पुढे पियेर मेशें हा तरबेज निरीक्षक जोडीला आला आणि १७८१ पर्यंत आकडा १०३ वर गेला. विसाव्या शतकात जुन्या नोंदी तपासून आणखी सात वस्तू जोडण्यात आल्या. म्हणून आज आपण ११० मोजतो.

येथे दुर्बीण घेणाऱ्याने थोडे थांबावे. मेसिएकडे अनेक दुर्बिणी होत्या. त्याची आवडती परावर्ती दुर्बीण साडेसात इंची होती आणि ती १०४ पट मोठे दाखवी. आकडा भारदस्त वाटतो. पण तिचे आरसे तांबे व कथिल यांच्या मिश्रधातूचे. त्यांवर पडणाऱ्या प्रकाशाचा मोठा भाग वायाच जाई. त्यामुळे प्रत्यक्षात तिची पोच साडेतीन इंची भिंगाच्या दुर्बिणीएवढीच होती आणि नंतर तो तशाच, भिंगाच्या दुर्बिणी वापरू लागला. आजची साधी चार इंची दुर्बीण याहून सरस आहे. शौरीतल्या एम-१३ मध्ये त्याला एकही तारा दिसला नव्हता; आजच्या सहा इंची परावर्ती दुर्बिणीतून त्या पुंजक्याच्या कडेचे तारे सुटे होतात. तेव्हा खोक्यावर छापलेल्या शेकडो पटींना भुलण्यापेक्षा आरशाचा वा भिंगाचा व्यास आणि न डगमगणारी बैठक पाहावी. जे मेसिएजवळ होते आणि आपल्याजवळ नाही, ते म्हणजे काळेभोर आकाश. तेलाच्या दिव्यांचे पॅरिस आजच्या मुंबई-पुण्याहून कितीतरी अंधारे होते. एम-३३ किंवा एम-१०१ यांसारख्या फिक्या दीर्घिका शहराच्या गच्चीवरून मोठ्या दुर्बिणीतूनही हुलकावणी देतात, आणि गावाबाहेर छोट्या दुर्बिणीला सापडतात.

एका बाबतीत आपण त्याच्याहून भाग्यवान आहोत. वृश्चिकाच्या नांगीजवळचा एम-७ पॅरिसच्या क्षितिजावर जेमतेम सहा अंश चढतो. मुंबईहून तो छत्तीस अंशांपर्यंत येतो. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा देखणा तारकागुच्छ तर पॅरिसहून उगवतच नाही, म्हणून तो यादीत नाही.

यादीचे शेवटचे पर्व छापले गेले त्याच वर्षी, ६ नोव्हेंबर १७८१ रोजी, एका उद्यानात फिरताना मेसिए बर्फ साठवण्याच्या तळघरात सुमारे पंचवीस फूट खाली कोसळला. हात, मांडी, मनगट, दोन बरगड्या मोडल्या. वर्षभर अंथरुणाला खिळून राहिल्यावर १२ नोव्हेंबर १७८२ रोजी तो पुन्हा बुधाचेच अधिक्रमण पाहायला उभा राहिला. तोवर इंग्लंडमध्ये विल्यम हर्शलच्या हाती त्याची यादी पडली होती. मोठ्या आरशांच्या दुर्बिणी घेऊन हर्शलने पुढे अशा सुमारे अडीच हजार वस्तू नोंदवल्या आणि मेसिएचे अनेक तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांचे पुंजके असल्याचे दाखवले.

फ्रेंच राज्यक्रांतीत त्याचे वेतन थांबले. दिव्याला तेल नाही म्हणून तो लालांद या स्नेह्याकडे ते मागायला जात असे, असे सांगतात. १७९३च्या सप्टेंबरात त्याला आणखी एक धूमकेतू सापडला. गणिताची बाजू सांभाळणारा त्याचा मित्र बोशार द सारोन तेव्हा तुरुंगात होता. त्याने कोठडीतच धूमकेतूची कक्षा मांडली. त्या आधारे मेसिएला तो पुन्हा गवसला आणि ही बातमी त्याने चोरून मित्राला पोहोचवली. २० एप्रिल १७९४ रोजी सारोनचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला.

उतारवयात मान परत मिळाला. १८०६ मध्ये नेपोलियनने त्याला लिजन ऑफ ऑनर दिला. १८०८ मध्ये मेसिएने एक पुस्तिका काढून १७६९च्या धूमकेतूचा संबंध त्याच वर्षी जन्मलेल्या सम्राटाशी जोडला. आयुष्यभर धूमकेतूंची निव्वळ मोजमापे घेणाऱ्याला हे शोभले नाही. पण उपाशी दिवस काढलेल्या म्हाताऱ्याला दोष तरी किती द्यावा? दृष्टी मंदावत गेली, १८१५ मध्ये अर्धांगाचा झटका आला आणि १८१७च्या एप्रिलमध्ये ११ आणि १२ तारखांच्या मधल्या रात्री, ८६ व्या वर्षी, तो पॅरिसमध्येच वारला. पेर लाशेझ दफनभूमीत त्याची कबर आहे. क्लूनी वाड्यात आता मध्ययुगीन कलावस्तूंचे संग्रहालय आहे. मनोरा उभा आहे, वरची लाकडी वेधशाळा मात्र उरलेली नाही.