जमशेदजी टाटा

शेतातला कापूस तसाच विकला, तर थोडे पैसे मिळतात. त्याच कापसाचे सूत काढून कापड विणले, तर जास्त पैसे मिळतात आणि अनेकांना कामही मिळते. एकोणिसाव्या शतकात भारतातला कापूस जहाजांतून इंग्लंडला जात असे आणि तिकडचे कापड इकडे विकायला येत असे. देशाची दौलत वाढवायची, तर माल देशातच तयार झाला पाहिजे, हे जमशेदजी टाटा यांनी ओळखले.

जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारी येथे एका पारशी घराण्यात झाला. त्यांचे वडील नसरवानजी मुंबईत व्यापार करीत. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण १८५८ साली संपवून जमशेदजी वडिलांच्या व्यापारात शिरले.

१८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध थांबले आणि कापसाचे भाव एकदम कोसळले. टाटांची पेढी कर्जात बुडाली. तेव्हा जमशेदजी इंग्लंडमध्ये होते. ते लपून बसले नाहीत. सावकारांकडे जाऊन त्यांनी खरी परिस्थिती सांगितली. त्यांचा प्रामाणिकपणा पाहून सावकारांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

पुढे जमशेदजींनी कापडगिरणीसाठी नागपूर निवडले. तेथे कापूस जवळ होता, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता आणि रेल्वेही होती. गिरणीची जागा मात्र दलदलीची होती. ती मातीची भर घालून उंच करावी लागली. तेथील एका सावकाराने कर्ज द्यायला नकार दिला. हा माणूस जमिनीत सोने पुरतो आहे, असे त्याला वाटले. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली आणि भरभराटीला आली. तेव्हा जमशेदजींनी माती घालून सोने काढले, हे त्याच सावकाराने कबूल केले, असे सांगतात.

गिरणी मजुरांच्या श्रमावर चालते, हे जमशेदजी विसरले नाहीत. त्यांनी गिरणीत खेळत्या हवेची सोय केली. निवृत्तिवेतन आणि अपघात झाल्यास भरपाई देण्याची सोयही, तसा कायदा होण्यापूर्वीच, त्यांनी केली.

पण केवळ कापडाने देश श्रीमंत होणार नव्हता. गिरणीची यंत्रेसुद्धा परदेशातून आणावी लागत. म्हणून त्यांनी तीन मोठी कामे मनात धरली. पहिले काम पोलादाच्या कारखान्याचे. १८८२ साली चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयीचा एक अहवाल त्यांनी वाचला; पण तेथील कोळसा या कामाचा नव्हता. त्यांनी नाद सोडला नाही. १९०२ साली, वयाच्या ६३ व्या वर्षी, ते माहिती घेण्यासाठी अमेरिकेला गेले. त्याच वर्षी त्यांनी मुलाला पत्र लिहून कारखान्याचे गाव कसे असावे हे कळवले. रस्ते रुंद असावेत, दुतर्फा सावलीची झाडे असावीत, खेळायला मैदाने असावीत आणि मंदिर, मशीद व चर्च यांसाठी जागा राखावी, अशी त्यांची इच्छा होती.

दुसरे काम विजेचे. घाटातला पाऊस तलावांत अडवून त्या पाण्यावर मुंबईसाठी वीज तयार करायची होती. तिसरे काम ज्ञानाचे. विज्ञान शिकलेली माणसे नसतील, तर कारखाने कोण चालवणार? म्हणून १८९८ साली त्यांनी विज्ञानसंस्थेसाठी सुमारे ३० लाख रुपयांची मालमत्ता देऊ केली.

यांतले एकही काम पुरे झालेले त्यांना पाहता आले नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. मुलगे दोराबजी व रतनजी आणि त्यांचे सहकारी यांनी ती कामे पुढे नेली. १९०७ साली पोलाद कंपनीसाठी हजारो भारतीयांनी भांडवल दिले. १९०९ साली बंगळूरची विज्ञानसंस्था स्थापन झाली. १९१२ साली साकची येथे पोलाद तयार झाले. तेच गाव आज जमशेदपूर म्हणून ओळखले जाते. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईला पोहोचली.

देशाची दौलत केवळ तिजोरीत नसते. ती जमिनीत, पाण्यात, मजुरांच्या हातांत आणि शिकलेल्या डोक्यांत असते. तिला कामाला लावणारा माणूस मात्र हवा असतो. जमशेदजी असे माणूस होते.

स्वाध्याय
१. जमशेदजींनी गिरणीसाठी नागपूर का निवडले?
२. सावकाराचे मत का बदलले?
३. जमशेदजींनी मनात धरलेली तीन कामे कोणती?
४. तुमच्या गावात पिकणाऱ्या एखाद्या मालापासून कोणत्या वस्तू तयार करता येतील? पाच वाक्ये लिहा.