हेन्री मॉडस्ले

हेन्री मॉडस्ले (२२ ऑगस्ट १७७१ – १४ फेब्रुवारी १८३१) हे इंग्लिश यंत्रकार व संशोधक होते. लेथ, अचूक आटे आणि सूक्ष्म मापन यांवरील कार्यामुळे त्यांना आधुनिक यांत्रिक हत्यारांच्या प्रवर्तकांपैकी एक मानले जाते. द्रवचालित दाबयंत्रातील गळती थांबविणाऱ्या चामडी कड्याचे श्रेयही सामान्यतः त्यांनाच दिले जाते.

बालपण

मॉडस्ले यांचा जन्म लंडनजवळील वुलिच येथे झाला. सैन्यात चाके बनविणारे त्यांचे वडील जखमी झाल्यानंतर वुलिचच्या शस्त्रागारात नोकरी करू लागले. १७८० मध्ये वडिलांचे निधन झाले. वयाच्या बाराव्या वर्षी हेन्री शस्त्रागारात काडतुसांत दारू भरण्याच्या कामावर लागले. पुढे ते सुतारशाळेत व तेथून लोहारशाळेत गेले. लोखंडाच्या कामातील त्यांचे कौशल्य लवकरच सर्वांच्या नजरेत भरले.

ब्रामा यांची कार्यशाळा

१७८९ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, कुलुपांसाठी प्रसिद्ध असलेल्या जोसेफ ब्रामा यांनी त्यांना आपल्याकडे घेतले. कुलुपांचे सुटे भाग एकसारखे व स्वस्तात तयार व्हावेत, यासाठी मॉडस्ले यांनी यंत्रे घडविली आणि अल्पावधीतच ते कार्यशाळेचे प्रमुख झाले. १७९१ मध्ये त्यांचा विवाह सारा टिंडेल यांच्याशी झाला.

ब्रामा यांनी १७९५ मध्ये द्रवचालित दाबयंत्राचे एकस्व घेतले. परंतु दट्ट्या आणि नळकांडे यांमधील फटीतून पाणी गळत असे. पॅकिंग सैल ठेवल्यास दाब टिकेना आणि घट्ट केल्यास दट्ट्या अडकून परत येईना. या अडचणीवर उपाय म्हणून खोबणीत चामड्याचे पन्हळाकार कडे बसविण्यात आले. द्रवाचा दाब वाढला की कड्याच्या दोन्ही कडा फाकून धातूला घट्ट चिकटतात. दाब उतरला की त्या सैल पडतात व दट्ट्या सहज मागे येतो. गळतीस कारणीभूत होणारा दाबच येथे गळती रोखतो. आजच्या यंत्रांतील रबरी सीलच्या अनेक प्रकारांत हेच तत्त्व आढळते.

मॉडस्ले यांना आठवड्याला ३० शिलिंग वेतन मिळत असे. कुटुंब वाढल्याने त्यांनी वेतनवाढ मागितली. ती नाकारली गेल्यावर १७९७ मध्ये त्यांनी नोकरी सोडून स्वतःची कार्यशाळा काढली.

स्वतंत्र कार्य

१८०० च्या सुमारास त्यांनी आटे पाडणारा लेथ विकसित केला. सरकता हत्यारधारक, मार्गदर्शक स्क्रू आणि बदलता येणारी दंतचक्रे यांचा त्यात मेळ घातला होता. त्यापूर्वी आटे बहुधा हाताने पाडले जात. त्यामुळे एका बोल्टचा नट दुसऱ्यास बसेलच असे नसे. मॉडस्ले यांनी आपल्या कार्यशाळेपुरते आट्यांचे प्रमाणीकरण केले. इंचाचा दहा हजारावा भाग मोजणारे मापनयंत्र त्यांनी तयार केले; कारखान्यात त्यास ‘लॉर्ड चॅन्सेलर’ असे नाव पडले होते.

मार्क ब्रुनेल यांच्या आराखड्यांनुसार त्यांनी पोर्टस्मथच्या नौदल गोदीसाठी जहाजांच्या कप्प्या बनविणारी यंत्रे पुरविली. या यंत्रांमुळे ११० कुशल कारागिरांचे काम १० अकुशल कामगार करू लागले. १८१० मध्ये कारखाना लॅम्बेथ येथे हलविण्यात आला. पुढे तो जहाजांच्या वाफेच्या इंजिनांसाठी विख्यात झाला.

शिष्यपरंपरा

रिचर्ड रॉबर्ट्‌स, जोसेफ क्लेमेंट, जोसेफ व्हिटवर्थ आणि जेम्स नॅस्मिथ यांनी मॉडस्ले यांच्या हाताखाली काम केले. नॅस्मिथ यांनी याच कारखान्यात षट्‌कोनी नटांच्या बाजू कापणारे मिलिंग यंत्र तयार केले. व्हिटवर्थ यांनी पुढे १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाण देशपातळीवर मांडले.

निधन

फ्रान्समधील आजारी मित्रास भेटून परतताना मॉडस्ले यांना थंडी बाधली व त्या आजारातच त्यांचे निधन झाले. वुलिच येथील सेंट मेरी मॅग्डलेन चर्चच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले. तेथील ओतीव लोखंडाच्या स्मारकाचा आराखडा त्यांनी स्वतःच केला होता.