श्रीमंत छत्रपती शहाजीराजे उर्फ आप्पासाहेब महाराज

आपला कोयनाकाठ ज्या सातारा राज्यात मोडत असे, त्याच्या या अखेरच्या छत्रपतींचे पुण्यस्मरण आम्ही करीत आहोत. १८३९ साली थोरले बंधू प्रतापसिंह महाराज पदच्युत झाल्यावर ते गादीवर आले. पोटी पुत्र नव्हता. ५ एप्रिल १८४८ रोजी मृत्युशय्येवर त्यांनी भोसले कुळातील मुलगा दत्तक घेतला व त्याच दिवशी देह ठेवला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क दत्तकास अनुकूल होते. परंतु डलहौसीने खासगी मिळकतीपुरताच वारसा मानला आणि १८४८-४९ मध्ये राज्य खालसा झाले.

वारस निवडणे वेगळे, त्याचा हक्क मान्य करवून घेणे वेगळे. ज्ञातिबांधवांनी अखेरच्या घटकेची वाट न पाहता, धडधाकट असतानाच दोन साक्षीदारांसमक्ष मृत्युपत्र करून ठेवावे, ही आमची नम्र विनंती.