विल्यम टिंडेल : लोकभाषेकरितां वेंचलेलें आयुष्य

आमच्या शाळेंतील विद्यार्थ्यांच्या हातीं पवित्र शास्त्र येतें तेव्हां तें आपल्या मातृभाषेंत आहे ह्याचें त्यांस कांहींच नवल वाटत नाहीं. जें सहज मिळतें त्याचें मोल सहसा कळत नाहीं. परंतु एके काळीं बिशपच्या परवानगीवांचून ह्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर करणें हा इंग्लंडांत अपराध होता. 1409 पासून तसा नियमच होता. हा ग्रंथ सामान्य जनांच्या हातीं आला, ह्या गोष्टीनें ख्रिस्ती धर्माच्या इतिहासाला मोठें वळण लागलें. इंग्लंडांत तें ज्यांच्या श्रमांनीं घडून आलें, त्या विल्यम टिंडेल ह्यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

टिंडेल ह्यांचा जन्म 1494 च्या सुमारास इंग्लंडच्या पश्चिम भागांत ग्लॉस्टरशायर परगण्यांत झाला. ऑक्सफर्ड येथें 1515 सालीं त्यांनीं एम्. ए. ची पदवी मिळविली. पुढें सर जॉन वॉल्श नांवाच्या सरदाराच्या घरीं ते मुलांचे शिक्षक झाले. त्या घरीं भोजनास येणाऱ्या धर्मोपदेशकांशीं बोलतां बोलतां त्यांस दिसून आलें कीं, उपदेश करणाऱ्यांसच शास्त्राचें ज्ञान थोडें आहे. मग लॅटिन न जाणणाऱ्या प्रजेची काय कथा! शेतांत नांगर धरणाऱ्या पोरालाही शास्त्र कळावें, असा निश्चय त्यांनीं तेव्हां केला.

1523 सालीं ते लंडनच्या बिशपकडे आश्रय मागावयास गेले. परंतु तेथें त्यांस जागा मिळाली नाहीं. एका कापडाच्या व्यापाऱ्यानें त्यांस कांहीं काळ आपल्या घरीं ठेविलें. आपलें कार्य स्वदेशांत होणें शक्य नाहीं हें ओळखून 1524 सालीं ते जर्मनीस गेले, ते पुन्हां मायदेशीं परतले नाहींत.

त्यापूर्वीं, 1516 सालीं, इरॅस्मसनें मूळ ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला होता, व 1522 सालीं ल्यूथरचें जर्मन भाषांतर निघालें होतें. टिंडेल ह्यांनीं मूळ ग्रीकावरून इंग्रजी भाषांतर केलें. 1525 सालीं कोलोन शहरीं छपाई चालू असतां विरोधकांस सुगावा लागला. तेव्हां छापलेले कागद घेऊन ते ऱ्हाईन नदीतून वर्म्स शहरीं निसटले. तेथें 1526 सालीं काम पुरें झालें. कापडाच्या गठ्ठ्यांत लपवून हीं पुस्तकें इंग्लंडांत जाऊं लागलीं. लंडनमध्यें त्यांची जाहीर होळी करण्यांत आली. त्या आवृत्तीच्या आज अवघ्या 3 प्रती शिल्लक असल्याचें ज्ञात आहे.

येथें एक गोष्ट सांगणें न्यायाचें होईल. टिंडेल ह्यांचे विरोधक सारेच दुष्ट नव्हते. त्यांचा प्रमुख प्रतिपक्षी सर थॉमस मोर हा मोठा विद्वान व धर्मनिष्ठ पुरुष होता. शास्त्राचा विपरीत अर्थ होऊन ख्रिस्ती मंडळी भंगेल, अशी त्याला धास्ती वाटे. दोघांनींही एकमेकांविरुद्ध कठोर शब्द लिहिले. पुढें स्वतः मोर ह्यांनींही राजापेक्षां आपल्या सदसद्विवेकबुद्धीला अधिक मानलें, व 1535 सालीं त्यांचा शिरच्छेद झाला.

टिंडेल ह्यांनीं पुढें इब्री भाषा हस्तगत करून 1530 सालीं मोशेच्या पांच पुस्तकांचें भाषांतर छापलें. अँटवर्प येथें ते एका इंग्रज व्यापाऱ्याच्या घरीं राहत असत. 1535 च्या मे महिन्यांत मैत्रीचें सोंग घेतलेल्या एका देशबांधवानें विश्वासघात करून त्यांस पकडून दिलें. ब्रुसेल्सजवळील व्हिल्व्होर्डच्या किल्ल्यांत ते सुमारें सोळा महिने बंदीवासांत होते. तेथून त्यांनीं अधिकाऱ्यास लिहिलेलें एक लॅटिन पत्र उपलब्ध आहे. थंडीनें डोकें गारठतें म्हणून त्यांत त्यांनीं ऊबदार टोपी मागितली, अंगरखा मागितला, रात्रीं दिवा मागितला. आणि सर्वांत कळकळीनें मागितलें तें इब्री शास्त्र, इब्री व्याकरण व इब्री शब्दकोश! मृत्यु दाराशीं उभा असतांही त्यांचा अभ्यास संपला नव्हता.

1536 च्या ऑक्टोबरांत त्यांस खांबाला बांधून, गळा आवळून ठार मारण्यांत आलें व देह जाळण्यांत आला. इंग्लंडच्या राजाचे डोळे उघडावे, अशी त्यांनीं अखेरीस प्रार्थना केल्याचें सांगतात. पुढच्याच वर्षीं त्यांच्या भाषांतराचा मोठा भाग असलेलें बायबल राजाच्या परवानगीनें विकलें जाऊं लागलें. 1539 पासून प्रत्येक देवळांत इंग्रजी बायबल ठेवण्यांत येऊं लागलें. 1611 च्या प्रसिद्ध भाषांतरांतही त्यांचीच शब्दरचना पुष्कळ ठिकाणीं कायम आहे.

महाराष्ट्रांतही पंडिता रमाबाईंनीं खेड्यांतील बायांनाही समजावें म्हणून इब्री व ग्रीक भाषा शिकून, केडगांव येथें सोप्या मराठींत शास्त्राचें भाषांतर केलें. 1922 सालीं निधन होईपर्यंत त्या ह्याच कामांत गढलेल्या होत्या.

आमच्या मुलामुलींना व्याकरण व कोश हीं ओझीं वाटतात, हें आम्ही रोज वर्गांत पाहतों. त्यांस एवढेंच सांगावेंसें वाटतें कीं, ज्या पुस्तकांचा तुम्हांला कंटाळा येतो, तीं एका सत्पुरुषानें अंधारकोठडींत, थंडीनें कुडकुडत, मागितलीं होतीं. पालकांनींही आपल्या घरीं हें चरित्र मुलांस अवश्य सांगावें.